चेकच्या आत बसलेला शाह

इंग्रजीतला ‘चेस’ हा शब्द ‘चेक’चं अनेकवचन आहे. जुन्या फ्रेंचमध्ये एक ‘एस्चेक’, अनेक ‘एस्चेस’. इंग्रजीने दोन्ही रूपं उचलली, पुढचा ‘एस्’ गळून पडला, एकवचनाचा ‘चेक’ झाला आणि अनेकवचनाचा ‘चेस’. बँकेत भरायचा चेक, चेक्सचा शर्ट, मुलुंडचा चेकनाका, दवाखान्यातला चेकअप, शिवारातला चेक डॅम, विमानतळावरचं चेक-इन ही सगळी मंडळी एकाच पटावरून उठून आलेली आहेत.

इंग्रजी शिकणारी मुलं या अर्थांची यादी करून पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. यादीची गरजच नाही. राजाला शह बसतो तो क्षण नीट कळला की बाकीचे अर्थ त्यातून ओळीने निघतात. मराठी माणसाला तर हे जास्तच सोपं, कारण ‘शह’ हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, आणि ‘शह’ व ‘चेक’ हा मुळात एकच शब्द आहे.

अनेक अर्थांचा इंग्रजी शब्द समोर आला की पहिल्यांदा एक गोष्ट पाहावी: हा खरोखर एक शब्द आहे, की एकाच स्पेलिंगमध्ये राहणारे दोन वेगळे शब्द? क्रिकेटची ‘बॅट’ आणि वटवाघूळ या अर्थाची ‘बॅट’ यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पहिली लाकडी सोट्यासाठीच्या जुन्या शब्दातून आली, दुसरी ‘बाक’सारख्या उच्चाराच्या वेगळ्याच शब्दातून. तिथे अर्थ जोडायला गेलात तर फसाल. चांगले शब्दकोश अशा शब्दांना वेगळ्या नोंदी देतात. ‘चेक’चे सगळे मुख्य अर्थ मात्र एकाच घराण्यातले आहेत. अपवाद चेक प्रजासत्ताकाचा. ते तिथल्या स्लाव लोकांचं स्वतःचं नाव आहे, पोलिश स्पेलिंगमधून इंग्रजीत आलेलं. मराठीत दोन्ही सारखेच लिहिले जातात एवढंच.

आता मुळाकडे. फारसीत राजा म्हणजे ‘शाह’. प्राचीन इराणी भाषेत या शब्दाच्या सुरुवातीला ‘ख्श’ असा जोडध्वनी होता, आणि जिथे जुन्या इराणीत ‘ख्श’ असतो तिथे संस्कृतात बहुधा ‘क्ष’ सापडतो. पुढे फारसीने त्यातला ‘ख’ टाकला आणि नुसता ‘श’ उरला. म्हणून संस्कृत ‘क्षीर’ आणि फारसी ‘शीर’ दोन्ही म्हणजे दूध, आणि ईदच्या शीरखुर्म्यातला ‘शीर’ तो हाच. संस्कृत ‘क्षप्’ म्हणजे रात्र, फारसीत ‘शब’. त्याच नियमाने ‘शाह’ हा ‘क्षत्र’ या शब्दाचा नातेवाईक ठरतो. दोघांच्या मुळाशी सत्ता चालवण्याचा अर्थ आहे. ‘क्षत्रप’ हेही त्याच कुळातलं, इराणी राज्यकारभारातून आलेलं पद. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत, त्यांत हा शब्द दगडावर वाचायला मिळतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो फार पसरलेला आहे. ‘चेस’ हा शब्द ‘चतुरंग’वरून आला असं पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. खेळ चतुरंगातून गेला हे खरं. हत्ती, घोडे, रथ, पायदळ या चार अंगांच्या सैन्याचा तो खेळ इराणात ‘चत्रंग’ झाला, आणि अरबीत ‘च’ व ‘ग’ नसल्यामुळे तिथे ‘शत्रंज’ झाला. आपला ‘शतरंज’ तिथूनच. पण पश्चिम युरोपातल्या बहुतेक भाषांनी खेळाचं नाव घेतलंच नाही. खेळताना राजावर हल्ला करणारा मोठ्याने ‘शाह!’ म्हणायचा, ते त्यांच्या कानावर बसलं. म्हणून जर्मनमध्ये ‘शाख’, इटालियनमध्ये ‘स्काक्की’. म्हणजे ‘चेस’ आणि ‘चतुरंग’ दोन्हींत ‘च’ आहे हा योगायोग, आणि ‘शतरंज’ व ‘शाह’ दोन्हींत ‘श’ आहे हाही योगायोगच.

‘शाह’चा ‘चेक’ कसा झाला? अरबीतला शेवटचा ‘ह्’ चांगला ठसठशीत उच्चारला जातो. मध्ययुगीन लॅटिन लिहिणाऱ्यांकडे तो ध्वनी नव्हता, त्यांनी त्याजागी ‘क’ घातला आणि शब्द ‘स्काकुस’ झाला. मग तो फ्रेंचमध्ये गेला. तिथे दोन बदल झाले. जोडाक्षरातल्या पहिल्या ‘स्’आधी स्वर आला, जसं आपल्याकडे ‘स्कूल’चं ‘इस्कूल’ होतं तसं. आणि लॅटिन ‘का’चा ‘च’ झाला; डोकं या अर्थाच्या ‘कापुट’पासून एकीकडे ‘कॅप्टन’ आणि दुसरीकडे ‘चीफ’ निघाला तो याच बदलामुळे. इंग्रजीत आल्यावर पुढचा ‘एस्’ गेला. चौदाव्या शतकात इंग्रजी लिखाणात ‘चेक’ दिसतो तो राजाला दिलेला शह याच अर्थाने.

‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’. याचा अर्थ ‘राजा मेला’ असा सर्रास दिला जातो, कारण अरबीत ‘माता’ म्हणजे ‘तो मेला’. पण फारसीतला ‘मात’ म्हणजे निरुपाय झालेला, काही सुचेनासा झालेला. तो अर्थ खेळाला जास्त जुळतो, कारण बुद्धिबळात राजा मारला जातच नाही. त्याला हलायला जागा उरत नाही आणि डाव तिथेच संपतो. आपण ‘संकटावर मात केली’ म्हणतो तेव्हा संकटाला निरुपाय केलेलं असतं.

आता तो क्षण पाहू. राजाला शह बसला की खेळाडूच्या मनात काहीही बेत असला तरी तो बाजूला ठेवावा लागतो. उत्तरं तीनच: राजा हलवा, शह देणारा मोहरा मारा, किंवा मध्ये दुसरा मोहरा घाला. घोड्याच्या शहाला तिसरं उत्तर चालत नाही, कारण घोडा उडी मारून येतो. या तिन्हींतलं एकही शक्य नसेल तर मात. शहाचा पहिला परिणाम असा की चालू असलेली गोष्ट थांबते. ‘चेक’चा पटाबाहेरचा पहिला मोठा अर्थ हाच आहे: रोखणं, आवरणं, वेग तोडणं. तपासणं हा अर्थ पुष्कळ नंतरचा.

हा क्रम लक्षात न घेतल्यामुळे भाषांतरात सगळ्यात जास्त चुका होतात. ‘चेक डॅम’ म्हणजे ‘तपासणी बंधारा’ नव्हे. नाल्यावर आडवा घातलेला हा ठेंगणा बांध पाण्याचा वेग तोडतो. वेग कमी झाला की पाण्यातला गाळ खाली बसतो, पाणी जमिनीत मुरायला वेळ मिळतो, आणि जास्तीचं पाणी माथ्यावरून पुढे जातं. एकाच नाल्यावर ओळीने बांध घालायचे असतील तर खालच्या बांधाचा माथा साधारण वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला येईल असं अंतर ठेवतात, म्हणजे मधल्या टप्प्यात पाण्याला पुन्हा जोर धरता येत नाही. अंतर जास्त झालं की मधला नाला खरवडत जातो आणि वरच्या बांधाचा पाया उघडा पडतो. बांधाचे दोन्ही खांदे काठात पुरेसे आत घेतले नाहीत तर पाणी बाजूने वाट काढतं आणि बांध कोरडा उभा राहतो. म्हणजे पाण्याला शह दिला, पण राजाला पळायला घर मोकळं ठेवलं.

यंत्रशाळेतला ‘चेक व्हॉल्व’ही असाच. तो पाणी तपासत नाही, उलट फिरणारं पाणी रोखतो. विहिरीतल्या पाइपाच्या टोकाचा फूट व्हॉल्व हा त्याचाच प्रकार. त्याच्या झडपेत काडीकचरा अडकला की मोटार बंद केल्यावर पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं, आणि पुढच्या वेळी पंप हवा धरतो, पाणी उचलत नाही. फिटरच्या तोंडी असलेला ‘चेक नट’ म्हणजे पहिली नट सैल होऊ नये म्हणून तिच्यावर आवळलेली दुसरी नट. ती बसवताना पहिली नट पान्याने धरून ठेवावी लागते. धरली नाही तर दुसरीबरोबर पहिलीही फिरते आणि सगळा ताण बिघडतो. क्रिकेटच्या समालोचनातला ‘चेक ड्राइव्ह’ म्हणजे पूर्ण न फिरवता मध्येच आवरलेली बॅट. वर्तमानपत्रात ‘महागाई चेकमध्ये ठेवली’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य येतं तिथे मराठीत ‘आटोक्यात’ हा नेमका शब्द तयार आहे. सत्तेवरचा ‘चेक’ म्हणजे अंकुश.

मग ‘तपासणं’ कुठून आलं? हिशेबातून. कोणी सांगितलेली रक्कम तशीच पुढे जाऊ द्यायची नाही, तिला थांबवायचं आणि दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहायचं. जुळली तर सोडायचं. थांबवण्यातून ताडून पाहणं निघालं. सतराव्या शतकाच्या शेवटाकडे हा अर्थ इंग्रजीत रुळलेला दिसतो. चेकनाक्यावर दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात: गाडी आधी थांबते, मग कागद ताडले जातात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण मुलुंडच्या हद्दीवरचा चेकनाका पत्त्यात आणि बसच्या पाटीवर राहिला.

‘कंट्रोल’ या शब्दाची कथा याच्या बरोबर उलटी आहे आणि ती शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. तो ‘कोंत्रा’ आणि ‘रोतुलुस’ या लॅटिन शब्दांवरून आला: मूळ हिशेबाच्या गुंडाळीसमोर ठेवलेली दुसरी गुंडाळी, म्हणजे पडताळ्याची वही. तिथे ताडून पाहण्यापासून सुरुवात झाली आणि शब्द ताब्यात ठेवण्यापर्यंत गेला. चेक रोखण्यापासून निघाला आणि ताडून पाहण्यापर्यंत आला. वाटेत दोघे एकमेकांना पार करून गेले.

आतापर्यंतचे अर्थ शहातून आले. दुसरी शाखा पटातून निघते, आणि ती जास्त रंजक आहे. पटाला लॅटिनमध्ये ‘स्काकारियुम’ आणि इंग्लंडमधल्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेकर’ म्हणत. पटासारखी घरं असलेलं कापड म्हणून ‘चेकर्ड’, त्याचंच आखूड रूप ‘चेक’. आपला चेक्सचा शर्ट इथला. मराठीतला ‘चौकडीचा’ हा शब्द घरांचे चार कोपरे पाहतो, इंग्रजी शब्द मात्र राजाचं नाव घेऊन फिरतो.

बाराव्या शतकात, पहिल्या हेन्रीच्या काळात, इंग्लंडच्या राजाच्या वसुलीचा हिशेब एका मेजावर होऊ लागला. त्या कचेरीचं सविस्तर वर्णन तिथलाच खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने लिहून ठेवलं आहे. मेज १० फूट लांब, ५ फूट रुंद. कडेला चार बोटं उंचीची पट्टी, वरचं काही घरंगळू नये म्हणून. त्यावर काळं कापड आणि कापडावर आखलेले पट्टे. पटासारखं दिसे म्हणून मेजाला ‘एक्स्चेकर’ म्हणू लागले आणि मेजावरून सगळ्या खात्याला. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणतात. ऋषी सुनक २०२० ते २०२२ त्याच पदावर होते.

कापड कशासाठी? तेव्हा आकडे रोमन लिपीत लिहिले जात, आणि रोमन आकड्यांनी कागदावर वजाबाकी करणं फार अवघड. म्हणून कापडावरच्या स्तंभांत सोंगट्या मांडत. उजवीकडून पहिला स्तंभ पेन्सचा, दुसरा शिलिंगचा, तिसरा पौंडांचा, चौथा विसांचा, पाचवा शेकड्यांचा, पुढे हजार आणि दहा हजार. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड.

समजा एका जिल्ह्याच्या शेरीफने, म्हणजे तिथली वसुली करणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्याने, १६३ पौंड ७ शिलिंग ४ पेन्स द्यायचे आहेत आणि १२० पौंड १० शिलिंग ८ पेन्स भरले आहेत. वरच्या ओळीत देणं मांडायचं: शेकड्यात १ सोंगटी, विसांत ३, पौंडांत ३, शिलिंगमध्ये ७, पेन्समध्ये ४. खालच्या ओळीत भरणा: शेकड्यात १, विसांत १, पौंडांचं घर रिकामं, शिलिंगमध्ये १०, पेन्समध्ये ८. आता उजवीकडून सुरुवात. ४ मधून ८ जात नाहीत, म्हणून शिलिंगची एक सोंगटी उचलायची आणि पेन्सच्या घरात १२ ठेवायच्या. १६ मधून ८ गेले, उरले ८. शिलिंग आता ६ राहिले, त्यातून १० जात नाहीत. पौंडाची एक सोंगटी उचलून शिलिंगमध्ये २० ठेवायच्या. २६ मधून १० गेले, १६ उरले. पौंडांच्या घरात २, विसांच्या घरात २, शेकडा जुळून गेला. बाकी ४२ पौंड १६ शिलिंग ८ पेन्स. शेरीफला लिहिता-वाचता येत नसलं तरी समोर बसून त्याला प्रत्येक सोंगटी दिसत होती. आपण वजाबाकी करताना ‘हातचा’ म्हणतो, तिथे तो खरोखर हातात असे. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै असा हिशेब केलेल्या पिढीला यातलं काही नवीन वाटणार नाही.

भरणा केल्याची पावती म्हणून लाकडाची कांडी मिळे. कांडीवर रकमेप्रमाणे खाचा: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. मग कांडी उभी चिरायची. खाचा दोन्ही भागांवर येत. एक भाग कचेरीत, एक भरणाऱ्याकडे. पुढे कोणी एक खाच वाढवली तर दोन भाग जुळवल्यावर लगेच उघडं पडे, कारण दुसऱ्या भागावर ती खाच नसे. या कांड्या एकोणिसाव्या शतकापर्यंत चालल्या. १६ ऑक्टोबर १८३४ ला जुन्या कांड्यांचा ढीग वेस्टमिन्स्टरच्या भट्टीत जाळताना आग पसरली आणि ब्रिटिश संसदेची इमारत जळून गेली.

बँकेच्या चेकचा जन्म याच विचारातून झाला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणत ते आधी मूळ कागदाला नव्हे, मागे राहणाऱ्या स्थळप्रतीला. लाकडाऐवजी कागद, चिरण्याऐवजी नक्षीतून कापणं. बँक ऑफ इंग्लंडने १७१७ च्या सुमारास छापील फॉर्म सुरू केले. डाव्या कडेच्या नक्षीतून कागद वाकडातिकडा कापला की स्थळप्रत आणि मूळ कागद फक्त एकमेकांनाच जुळत. जुळतो का पाहण्याची सोय ती ‘चेक’, पुढे ते नाव सगळ्या कागदाला लागलं. ब्रिटनमध्ये ‘एक्स्चेकर’च्या प्रभावाने स्पेलिंगच्या शेवटी ‘क्यू-यू-ई’ आलं, अमेरिकेने साधं ‘सी-के’ ठेवलं. भारतात १८८१ चा परक्राम्य संलेख कायदा, म्हणजे चेक-हुंड्यांचा कायदा, ब्रिटिश स्पेलिंगचा, म्हणून आपलं चेकबुकही तसंच.

आजच्या चेकवरही ताडून पाहण्याच्या खुणा भरलेल्या आहेत. रक्कम दोनदा लिहायची ती यासाठीच. कायद्याच्या कलम १८ नुसार अंक आणि अक्षरं जुळली नाहीत तर अक्षरी रक्कम खरी धरतात, प्रत्यक्षात बँका असा चेक बहुतेक वेळा परतच करतात. तळाच्या चुंबकीय शाईच्या पट्टीत आधी ६ अंकी चेक क्रमांक, मग ९ अंकी कोड: पहिले ३ शहराचे, पुढचे ३ बँकेचे, शेवटचे ३ शाखेचे. मुंबईचे चेक ४०० ने आणि पुण्याचे ४११ ने सुरू होतात, पिनकोडसारखेच. चेकची मुदत १ एप्रिल २०१२ पासून तीन महिने आहे. चेकची प्रतिमा पाठवून क्लिअरिंग होत असल्यामुळे नाव किंवा रक्कम खोडून बाजूला सही केलेली चालत नाही, नवा चेक लिहावा लागतो.

वाचताना नेमका अर्थ कसा धरायचा? ‘चेक’नंतर काय येतं ते पाहा. राग, पूर, महागाई, शत्रूची आगेकूच, म्हणजे वाढणारं किंवा पुढे सरकणारं काही आलं तर अर्थ रोखणं. पत्ता, उत्तर, तेलाची पातळी, टायरमधली हवा असं स्थिर काही आलं तर तपासणं. मुलावर ‘चेक ऑन’ करणं म्हणजे एकदा डोकावून येणं, पण सत्तेवरचा ‘चेक’ म्हणजे अंकुश. शब्द क्रियापद आहे की नाम, हे तिथे निर्णायक ठरतं. ‘इन चेक’ दिसलं की रोखणं किंवा बुद्धिबळ, तिसरं काही नाही.

विमानप्रवासातलं ‘चेक्ड बॅगेज’ पुष्कळांना फसवतं. तपासणी तर हातातल्या पिशवीचीही होते. इथे ‘चेक’ म्हणजे बिल्ला घेऊन हवाली केलेलं सामान; बिल्ल्याचा अर्धा भाग बॅगेला, अर्धा तुमच्याकडे, पुन्हा तीच चिरलेली कांडी. बॅग हरवली तर तो अर्धा तुकडा हाच पुरावा, म्हणून बॅग हातात येईपर्यंत तो फेकू नये. अमेरिकेत हॉटेलात ‘चेक’ मागितला तर बिल येतं, आणि तिथल्या फॉर्ममध्ये ‘चेक द बॉक्स’ म्हणजे चौकोनात टिक करा. ‘रेन चेक’चा छत्रीशी संबंध नाही: पावसाने सामना बुडाला तर पुढच्या सामन्यासाठी चालणारा तिकिटाचा तुकडा, बेसबॉलच्या मैदानावरचा. म्हणून कोणी ‘रेन चेक घेतो’ म्हणालं तर त्याने आजचं आमंत्रण नाकारून पुढचं राखून ठेवलं आहे.

‘डबल चेक’ हा शब्द ऑफिसात दोनदा खात्री करून घेण्यासाठी वापरतात. पटावर तो वेगळा आहे. एक मोहरा हलतो आणि स्वतः शह देतो, शिवाय त्याच्या हलण्याने मागचा मोहरा उघडा होऊन तोही शह देतो. अशा दुहेरी शहात एकाला मारलं तर दुसऱ्याचा शह राहतो, एकाच्या वाटेत मोहरा घातला तर दुसऱ्याची वाट मोकळी असते. शहाच्या तीन उत्तरांपैकी एकच उरतं: राजाने स्वतः उठून दुसऱ्या घरात जायचं.